नोकरी गेली, क्रेडिट कार्डाची बाकी डोक्यावर आहे: आता कुठून सुरुवात करायची

पगार बंद झाला की बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. जो सगळ्यात जास्त फोन करतो, त्याला आधी पैसे दिले जातात. आणि सगळ्यात जास्त फोन येतात ते क्रेडिट कार्डाचे. गृहकर्ज देणारी बँक त्या मानानं शांत असते, कारण घराची कागदपत्रं तिच्याकडे असतात. सोनेतारणवाल्याकडे दागिने असतात. पतसंस्थेकडे जामीनदार असतात. कार्डाच्या बाकीमागे यातलं काहीच नसतं, म्हणून वसुलीचा सगळा भर फोनवर आणि भीतीवर असतो. पैसे कुणाला आधी द्यायचे हे फोनच्या आवाजावरून ठरवू नका, हे मला या लेखात सर्वांत आधी सांगायचं आहे. बाकी सगळं त्यानंतर.

कार्डाचं कर्ज बुडवा, असं मी म्हणत नाही. ते फेडायचंच आहे, पण घर चालू ठेवून.

आजच्या आज: कार्ड वापरणं थांबवा

महिन्याचं बिल पूर्ण भरत असताना मिळणारी ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदत ही पूर्ण भरणाऱ्यासाठीच असते. एकदा बाकी पुढच्या महिन्यात गेली की नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासूनच व्याज लागतं. म्हणजे बाकी असताना कार्डावर घेतलेला किराणा पहिल्या दिवसापासून व्याजानं घेतलेला किराणा असतो.

त्यामुळे कार्ड नुसतं कपाटात ठेवून भागत नाही. जेवण मागवायची अ‍ॅप, टॅक्सीची अ‍ॅप, ऑनलाइन दुकानं, सगळीकडून साठवलेला कार्ड नंबर काढून टाका. रुपे कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर तेही काढा, कारण तिथे स्कॅन करताना आपण उधारीवर घेतोय हे लक्षातच येत नाही. मग बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्या तपासा. चित्रपट-मालिकांचे प्लॅन, फोनमधली साठवणूक, जिम, मुलांच्या क्लासचं अ‍ॅप. घरात कुणाच्या नावे पुरवणी कार्ड दिलं असेल तर तेही बंद करा. त्याच्या बाकीची जबाबदारी मूळ कार्डधारकाचीच असते.

कार्डाचं पूर्ण बिल बचत खात्यातून आपोआप वळतं होण्याची सूचना दिली असेल, तर ती लगेच बदला. नाहीतर शेवटचा पगार जमा होतो आणि दोन दिवसांत सगळाच्या सगळा कार्डात जातो.

वही घ्या

फोनमध्ये नको, वहीतच मांडा. घरातल्या सगळ्यांना ती उघडून पाहता आली पाहिजे. डाव्या पानावर येणारे पैसे आणि हातात असलेले पैसे, उजव्या पानावर देणी. प्रत्येक देण्यापुढे चार गोष्टी लिहा: किती बाकी, व्याज किती, हप्त्याची तारीख कोणती, आणि नाही भरलं तर काय जातं. हा चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. घर जातं? दागिने जातात? जामीन राहिलेल्या सहकाऱ्याचा पगार कापला जातो? की फोन येतात आणि सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारे गुण) उतरतो?

नवऱ्यापासून, बायकोपासून, आईवडिलांपासून लपवून हे जमत नाही. वसुलीचा फोन घरच्यांनी उचलण्याआधी गोष्ट तुमच्या तोंडून कळलेली बरी.

कंपनीकडून काय येणं आहे

नोकरी गेल्याच्या धक्क्यात माणूस राजीनाम्यावर सही करून बाहेर पडतो आणि येणं तसंच राहतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार काढून टाकलेल्या, कपात झालेल्या किंवा राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते. हिशेब साधा आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांना २६ नं भागा, १५ नं गुणा, मग नोकरीच्या वर्षांनी गुणा. शिल्लक रजांचे पैसे, नोटिस काळाचा पगार, अडकलेली प्रवासबिलं हे सगळं ईमेलवर लेखी मागा. मनुष्यबळ विभागाशी फोनवर झालेलं बोलणंही त्याच दिवशी ईमेलनं परत पाठवून ठेवा.

पगार २१,००० रुपयांच्या आत असल्यामुळे ईएसआयसी (कामगार विम्याची वर्गणी) कापली जात असेल, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेबद्दल जवळच्या ईएसआयसी कार्यालयात जाऊन विचारा. अटी पूर्ण होत असतील तर सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी देण्याची ती योजना आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज अशा औद्योगिक पट्ट्यांतल्या अनेक कामगारांची ईएसआयसी वर्षानुवर्षं कापली जाते, पण या योजनेचं नाव फार थोड्यांच्या कानावर पडलेलं असतं.

आता पीएफ. पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळानं ऑक्टोबर २०२५ मध्ये नियम बदलण्याचा निर्णय घेतला: नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच काढता येईल आणि उरलेली बारा महिने बेरोजगार राहिल्यावर. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर कर लागू शकतो, हेही लक्षात ठेवा.

पीएफ काढून कार्ड एकरकमी फेडावं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. निव्वळ व्याज पाहिलं तर हो, कारण कार्डाचं व्याज पीएफच्या व्याजाच्या चार-पाचपट असतं. पण पीएफ खात्यातली रक्कम कायद्यानं जप्तीपासून सुरक्षित असते. ती काढून विनातारण कर्जाला घातली आणि चौथ्या महिन्यात घरभाड्याला पैसे उरले नाहीत, तर परत कुणाकडे तरी हात पसरावा लागतो, तोही जास्त वाईट व्याजानं. म्हणून माझं मत असं: आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. त्यावर जे उरेल ते खुशाल कार्डाला लावा. सहा महिन्यांचाच जमत नसेल तर कार्डासाठी पीएफला हात लावू नका.

कुणाला आधी, कुणाला नंतर

पहिलं घर: भाडं, वीज, किराणा, औषधं, मुलांची फी. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून तोच विमा वैयक्तिक पॉलिसीत बदलता येतो का, हे नोकरी सुटण्याआधीच विमा कंपनीला विचारा. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा पाच लाखांपर्यंतचा आधार आहे. त्याचं कार्ड काढलं नसेल तर हाताशी वेळ आहे तोवर काढून घ्या.

दुसरं, तारणाची कर्जं. गृहकर्ज ९० दिवस थकलं की ते अनुत्पादित (एनपीए, म्हणजे थकीत कर्ज) ठरतं आणि बँक सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटिस काढू शकते. हप्ता चुकण्याआधीच शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, असं विचारा.

तिसरं, आणि हे आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे, पतसंस्थेचं कर्ज. पगारदार पतसंस्थेच्या कर्जाला दोन सहकारी जामीन असतात. तुमचा पगार थांबला की संस्था त्यांच्याकडे वळते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला तर तो कर्जदाराइतकाच जामीनदारालाही लागू होतो. ज्यानं विश्वासानं सही केली त्याच्या पगारातून पैसे कापले गेले, तर मैत्री आणि अब्रू दोन्ही जातात. त्या दोघांना स्वतः भेटा आणि परिस्थिती सांगा. संस्थेच्या व्यवस्थापकाकडे तिघांनी मिळून जा.

कार्ड आणि वैयक्तिक कर्ज यानंतर.

कमीत कमी रक्कम भरत राहिल्यानं काय होतं

बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय आणि किमान देय. किमान देय भरलं की फोन येत नाहीत, उशिराचं शुल्क लागत नाही, सिबिलवर डाग पडत नाही. म्हणून ते भरून निश्चिंत राहणारे खूप आहेत. हिशेब जवळून पाहू.

समजा बाकी एक लाख रुपये आहे आणि व्याज महिना साडेतीन टक्के. बहुतेक कार्डांचा दर याच्याच आसपास असतो, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या पुढेमागे. महिन्याचं व्याज झालं ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६३० रुपये. म्हणजे ४,१३०. तुम्ही ५,००० भरलेत तर मुद्दल कमी झालं अवघं ८७० रुपये. एकही नवी खरेदी न करता दरमहा ५,००० भरत राहिलात तरी कर्ज फिटायला ४३-४४ महिने लागतात आणि एक लाखापोटी सव्वादोन लाखांच्या जवळपास जातात.

हीच एक लाखाची बाकी समजा वार्षिक १५ टक्क्यांनी २४ महिन्यांच्या हप्त्यांत बदलून मिळाली. हप्ता येतो सुमारे ४,८५०. व्याजावरचा जीएसटी धरूनही एकूण एक लाख वीस हजारांच्या आत काम होतं. दरमहा खिशातून जवळपास तेवढेच पैसे गेले, पण एक लाखाच्या आसपास वाचले आणि दीड वर्षाहून जास्त काळ आधी सुटका झाली.

या दोन हिशेबांमधला फरक मिळवायचा असेल तर बँकेशी आपणहून बोलावं लागतं. आणि तेही बिल थकण्याआधी, कारण एकदा खातं थकलं की हप्त्यांची सोय सहसा मिळत नाही.

व्याजावर सरकारी कमाल मर्यादा आहे, अशी समजूत अजून ऐकू येते. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती खरी, पण सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्या भरवशावर राहू नका.

बँकेला पत्र

ग्राहक सेवेला फोन केला की समोरचा माणूस ठरलेली वाक्यं वाचतो. ईमेल करा, म्हणजे तारखेसकट पुरावा राहतो. इंग्रजीच हवं असं नाही. मजकूर असा ठेवा:

«माझ्या कार्डाचे शेवटचे चार अंक ... आहेत. दि. ... रोजी माझी नोकरी गेली असून कंपनीचे पत्र सोबत जोडले आहे. आजमितीस कार्डावर ... रुपये बाकी आहे. ही रक्कम मला फेडायची आहे, परंतु सध्याच्या दराने ते शक्य नाही. कृपया संपूर्ण बाकी २४ ते ३६ महिन्यांच्या हप्त्यांत कमी व्याजदराने बदलून द्यावी आणि लागलेले विलंब शुल्क माफ करावे. मी सध्या दरमहा ... रुपये भरू शकतो. कार्ड बंद ठेवण्यास माझी हरकत नाही. कृपया लेखी उत्तर द्यावे.»

रक्कम लिहिताना भावनेच्या भरात मोठी लिहू नका. वहीतल्या डाव्या पानावर जे खरोखर जमतंय तेवढंच लिहा. कबूल केलेला हप्ता दुसऱ्याच महिन्यात चुकला, तर पुढच्या वेळी बँक तुमचं ऐकणार नाही.

हप्त्याला «हो» म्हणण्याआधी व्याज किती, प्रक्रिया शुल्क किती, मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हे तिन्ही लेखी घ्या. आणि एक: ज्या बँकेचं कार्ड आहे तिथेच तुमचं बचत खातं असेल, तर थकलेल्या बाकीपोटी त्या खात्यातले पैसे वळते करण्याचा किंवा गोठवण्याचा अधिकार कार्डाच्या करारात बहुधा लिहिलेला असतो. घरखर्चाचे पैसे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात ठेवा.

वसुलीचे फोन सुरू झाले तर

बिल भरण्याची शेवटची तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्याशिवाय बँकेला विलंब शुल्क लावता येत नाही आणि सिबिलला थकबाकी कळवता येत नाही. विलंब शुल्कही सगळ्या बाकीवर नव्हे, मुदतीनंतर जी रक्कम भरायची राहिली तिच्यावरच लागतं. नव्वद दिवसांनंतर खातं अनुत्पादित होतं आणि त्या सुमाराला वसुली एजंट येतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, शेजाऱ्यांसमोर बोभाटा, नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास, अपमानकारक मेसेज, यातलं काहीही चालत नाही. घरी आलेल्या माणसाकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. त्याला आत घेतलंच पाहिजे असं नाही.

फोन टाळू नका, एकदा शांतपणे उचला. «दादा, माझी नोकरी गेली आहे. बँकेला या तारखेला ईमेल केला आहे. जे बोलायचं ते लेखी पाठवा.» एवढंच. आवाज चढला तर फोन ठेवा आणि वहीच्या मागच्या पानावर तारीख, वेळ, नंबर लिहा. कॉल रेकॉर्ड होत असेल तर करून ठेवा.

«पोलिस येतील», «अटक वॉरंट निघालंय» असं ऐकवलं जातं. फसवणुकीचा हेतू नसताना कार्डाचं बिल न भरता येणं हा गुन्हा नाही, ती दिवाणी बाब आहे. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. दबावाखाली पुढच्या तारखेचा चेक लिहून दिला आणि तो वटला नाही, तर चेक न वटण्याबद्दलचं फौजदारी कलम १३८ लागू शकतं. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत गेला, तरी तशाच स्वरूपाची कारवाई होऊ शकते. खात्यात पैसे असण्याची खात्री नसेल तर चेक देऊ नका आणि नव्या आपोआप कपातीला मान्यता देऊ नका.

लोकअदालतीची नोटिस आली तर घाबरू नका, जा. तिथे दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय काही ठरत नाही. पण ठरलं आणि सही केली की ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकं बंधनकारक होतं आणि त्यावर अपील नसतं, म्हणून तिथेही झेपेल तेवढंच कबूल करा. नोटिस खरी आहे का आणि पुढे काय करायचं, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारता येतं. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

छळ झाला तर आधी बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ती तक्रार ऑनलाइन, फुकट करता येते. माहितीसाठी १४४४८. सरळ धमकी असेल तर ३० दिवस थांबायचं नाही, पोलिस ठाण्यात जायचं.

रात्री झोप लागत नसेल, डोक्यात नको ते विचार येत असतील, तर टेलि मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. कर्जामुळे आयुष्य संपवण्याचा विचार आला असेल तर वही बाजूला ठेवा आणि आधी हा फोन करा. सोबत घरातल्या एका माणसाला उठवा.

सेटलमेंट घ्यावी का

काही महिने थकल्यावर फोन येतो: «दीड लाख बाकी आहे, साठ हजारांत मिटवतो.» कानाला गोड वाटतं. पण सेटलमेंट झालेलं खातं सिबिलवर «सेटल्ड» म्हणून दिसतं. पूर्ण फेडलेलं म्हणून नव्हे. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्या ही नोंद किमान सात वर्षं ठेवतात, आणि पुढे गृहकर्ज मागताना ती आडवी येते. नोकरी तीन-चार महिन्यांत लागेल असं दिसत असेल तर हप्त्यांसाठीच भांडा. बेकारी लांबलीच आणि एकरकमी पैसे कुठून तरी उभे राहिले, तर मात्र सेटलमेंट हा प्रामाणिक मार्ग आहे, त्यात लाज नाही.

तेव्हा एजंटच्या शब्दावर एक रुपयाही देऊ नका. बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि «यानंतर काही देणं नाही» हे वाक्य असलेलं पत्र आधी हातात घ्या. पैसे थेट कार्ड खात्यातच भरा, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. भरल्यावर नो ड्यूज दाखला घ्या आणि दोन्ही कागद जपून ठेवा.

हे करू नका

एका कार्डाची बाकी दुसऱ्या कार्डातून फिरवणं, एटीएममधून कार्डावर रोख काढणं, दुकानात खोटी खरेदी दाखवून दोन-तीन टक्के कापून रोख घेणं: तिन्हींत भोक मोठंच होतं. झटपट कर्ज देणारी अ‍ॅप तर फोनमधले संपर्क आणि फोटो मागतात आणि पुढे तेच छळासाठी वापरले जातात. गावातल्या सावकाराकडे जायची वेळ आली तर त्याच्याकडे परवाना आहे का ते सहायक निबंधक कार्यालयात विचारा. २०१४ च्या कायद्यानं विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे.

घरात सोनं असेल तर बँकेतलं सोनेतारण कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, हे खरं. पण पगार कधी सुरू होईल हे दिसत नसताना मंगळसूत्र तारण ठेवून विनातारण कर्ज फेडणं म्हणजे फोनपासून सुटका मिळवण्यासाठी दागिने पणाला लावणं. नोकरीचं पत्र हातात आल्यावर हा मार्ग जरूर वापरा.

नोकरी शोधताना कुणी नोंदणीसाठी, प्रशिक्षणासाठी, लॅपटॉपच्या अनामतीसाठी पैसे मागितले तर तिथेच थांबा. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करून पैसे कमवायची कामंही तशीच: आधी दोन-चारशे रुपये देतात, मग हजारो भरायला लावतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. उशीर झाला की रक्कम गोठवणं अवघड होतं.

पुन्हा पगार सुरू झाल्यावर

पहिल्या पगारातून आधी जामीनदारांचं थकलेलं निस्तरा, मग सर्वांत जास्त व्याजाचं कार्ड. ते शून्यावर आलं की बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. बाकी नसेल तर बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तिला तुम्हाला द्यावे लागतात. दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट अहवाल काढा. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा तो फुकट देतात. फेडलेलं खातं अजून थकीत दिसत असेल तर दाखला जोडून तक्रार नोंदवा. ती ३० दिवसांत मिटवायची असते, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.